हातचा कुठे येतो?

मुक्ता डोंबिवलीतल्या एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय गणित दिनाचं प्रदर्शन आहे आणि त्यासाठी तिनं एक फलक योजला आहे. फलकावर एकच संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१. तिची आत्या महाविद्यालयात बीजगणित शिकवून निवृत्त झाली. अंकांच्या गमतीजमतींवर तिचा राग आहे. ती स्वतः त्याला 'आक्षेप' म्हणते. पुढचा संवाद या दोघींचा.

आत्या : एवढा मोठा फलक आणि त्यावर हा एकच आकडा? एकापासून नऊपर्यंत चढायचं, परत एकापर्यंत उतरायचं. बालवाडीच्या भिंतीवर शोभेल.

मुक्ता : बालवाडीतल्या मुलांना सतरा अंकी संख्या वाचता येत नाही. तुला तरी येते का? एकं, दहं, शतं करत जा बघू.

आत्या : मला 'लीलावती'तली स्थानांची नावं पाठ आहेत. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तुझी संख्या 'मध्य'च्या घरात सुरू होते, परार्धाच्या एक घर अलीकडे. झालं समाधान? पण मोठी असणं हा काही गुण नव्हे. तिच्याहून मोठ्या संख्या अनंत आहेत, लहान मात्र मोजक्याच.

मुक्ता : गुण पुढे आहे. नऊ वेळा एक लिही, १११११११११. तिला तिनंच गुण. उत्तर ही संख्या.

आत्या : ठाऊक आहे. मुलं 'वा!' म्हणतील आणि शेजारच्या फलकाकडे जातील. माझा आक्षेप तोच आहे. हा गुण संख्येचा नाही, तिच्या लिखाणाचा आहे. सतरा ही मूळ संख्या. रोमन आकड्यांत लिही, नाहीतर सतरा चिंचोके घेऊन बस, ते सारख्या लांबीच्या रांगांत लागणारच नाहीत. तुझी ही संख्या बारावर आधारलेल्या पद्धतीत लिहिली, की चढणंही गेलं आणि उतरणंही गेलं. आपल्या हातांना दहा बोटं आहेत म्हणून जे दिसतं, त्याला गणित कसं म्हणायचं?

मुक्ता : थांब, आधी गुणाकार तर करू. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटनं मला १२३४५६७८९८७६५४३०० असं उत्तर दिलं. शेवटचे एकवीस गायब.

आत्या : पंधरा अंकांच्या पुढचं तिला सांभाळता येत नाही, शून्यं भरते. कागद घे.

मुक्ता : ही पहिली ओळ, नऊ एकांची. दुसरी ओळ तीच, एक घर डावीकडे सरकवलेली. तिसरी आणखी एक घर. अशा नऊ ओळी झाल्या. आता उभ्या बेरजा. अगदी उजवीकडच्या रकान्यात एकटा एक. शेजारच्यात दोन. मग तीन, चार, पाच. नवव्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी हजर. तिथून पुढे एकेक ओळ संपत जाते, आठ, सात, सहा, असं करत शेवटी पुन्हा एक. सतरा रकाने, सतरा अंक, आणि हातचा एकदाही आला नाही.

आत्या : आता कशी कामाचं बोललीस! 'हातचा आला नाही.' सगळं गणित त्या तीन शब्दांत आहे. आणि तेच तुझ्या फलकावर नाही.

मुक्ता : मुलांनी विचारलं तर सांगणारच होते.

आत्या : न विचारणाऱ्यांनी काय करायचं? बरं, आता आठचा पाया घे. सात एकांच्या संख्येचा वर्ग अष्टमान पद्धतीत १२३४५६७६५४३२१. तीनचा पाया घे, दोन एकांचा वर्ग १२१. म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत चारचा वर्ग सोळा. पाया कोणताही घे. त्याहून एकनं कमी इतके एक लिहायचे आणि वर्ग करायचा. रकान्याची बेरीज पायापर्यंत पोचतच नाही, मग हातचा येणार कुठून?

मुक्ता : म्हणजे बारावर आधारलेल्या पद्धतीतही चढ-उतार आहेच की! तुझाच मुद्दा तू खोडलास.

आत्या : खोडला नाही, नेमका केला. ही विशिष्ट सतरा अंकी संख्या दहाच्या पायामुळे मिळाली. तिच्यामागचं कारण मात्र कुठल्याच पायाचं नाही. एक अधिक क्ष अधिक क्षचा वर्ग, असं क्षच्या आठव्या घातापर्यंत जा आणि त्या बहुपदीचा वर्ग कर. सहगुणक ओळीनं एक, दोन, तीन, नऊपर्यंत चढतात आणि उतरतात. क्षच्या जागी दहा घातलेस की तुझा फलक तयार. नववीला बहुपदी शिकवतेस ना?

मुक्ता : शिकवते. पण बहुपदी बघून वर्गात कुणी 'वा!' म्हटल्याचं मला आठवत नाही, आकडा बघून म्हणतात. आणि ही संख्या मी उगाच निवडलेली नाही. आपल्या गावचीच आहे ती. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना अशा संख्यांचा विचार डोंबिवली स्टेशनवर सुचला, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, म्हणून त्यांनी त्यांचं नाव 'डेम्लो संख्या' ठेवलं. आमच्या मुलांचे आईवडील रोज तिथून लोकल पकडतात आणि कुणाला याचा पत्ता नाही.

आत्या : कापरेकर मला माहीत आहेत. डहाणूचा जन्म, फर्ग्युसनला शिक्षण, विद्यार्थी असताना रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी. माणूस मोठा हौशी. पण त्या काळच्या गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही, आणि त्यालाही कारण होतं.

मुक्ता : कारण? त्यांचा ६१७४ आज जगभर शिकवतात. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा. हेच करत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिलं, तेव्हा कुठे लोकांना देवळाली कळलं. आणि हा नाद एकट्या कापरेकरांचा नव्हता. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. तिचं वर्णनच मुळी एकापासून सहापर्यंत चढून क्रमानं उतरणारी असं केलंय. तो वर्ग आहे सहा एकांचा. त्यांना गंभीर म्हणशील की नाही?

आत्या : महावीराचार्यांनी त्याच ग्रंथात अपूर्णांकांचे आणि समीकरणांचे नियमही दिले. ते मोठे ठरले त्या नियमांमुळे. गणितज्ञ हार्डी काय म्हणतात ते वाच. १९४० सालच्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त ते उदाहरण देतात : चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा आहेत, की त्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. व्यापकता नाही, खोली नाही.

मुक्ता : हार्डींनी चुकीचं उदाहरण निवडलं. दे तो कागद. १०८९ चा पाढा लिहू : १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. पहिली आणि शेवटची बघ. दुसरी आणि शेवटून दुसरी बघ.

आत्या : उलट्या आहेत.

मुक्ता : सगळ्या जोड्या उलट्या आहेत. पाढ्यात 'क' वी संख्या घेतली तर तिचे अंक क, क वजा एक, नऊ वजा क, दहा वजा क. कच्या जागी दहा वजा क टाक, तेच अंक उलट क्रमानं येतात. मग पटीचा प्रश्न उरतो : नऊला एकनं भाग जातो, आठला दोननं जातो. सातला तीननं नाही, सहाला चारनं नाही. म्हणून या पाढ्यात अशा दोनच संख्या. ज्याला हार्डी योगायोग समजले, त्यामागे एका ओळीचं कारण होतं.

आत्या : हे मान्य. कारण आहे, आणि सुंदर आहे. पण एक फरक कर. हार्डी 'कारण नाही' असं म्हणत नव्हते, कारण पुढे कुठे नेत नाही असं म्हणत होते. तुझी ही संख्या कुठे नेते, तेवढं सांग.

मुक्ता : कापरेकरांच्या वाटेनंच जाऊ. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग मिळवला की मधल्याच अंकांची रांग यायला हवी. उदाहरणार्थ २५५३ : दोन आणि तीन पाच, मध्ये पाच पाच. आता आपली संख्या काप. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही टोकं मिळव.

आत्या : ९९९९९९९९. आठ नवे. का?

मुक्ता : 'का' विचारशील हे माहीत होतं. एक आणि आठ, दोन आणि सात, तीन आणि सहा, वरखाली प्रत्येक जोडीची बेरीज नऊ.

आत्या : हे कारण नव्हे, वर्णन झालं. कारण असं : १११११११११ म्हणजे १२३४५६७९ ची नऊपट. तिचा वर्ग करताना दुसऱ्या १११११११११ लाही तो नऊ देऊन टाक, ती होते नऊ नवांची संख्या. म्हणजे तुझी संख्या बरोबर १२३४५६७९ × ९९९९९९९९९. नऊ नवांनी गुणणं म्हणजे पुढे नऊ शून्यं लावून मूळ संख्या वजा करणं. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा कर. डावीकडून एक उसना गेला, ७९ चे ७८ झाले, म्हणून १२३४५६७८. उजवीकडे राहिले ९८७६५४३२१. या दोन तुकड्यांची बेरीज नऊ नवे येणारच. मधला ९ बाजूला काढलास की उरलेल्या टोकांची आठ नवे.

मुक्ता : आत्या, तू रमलीस.

आत्या : रमले नाही, तपासते आहे. पण १२३४५६७९ मध्ये आठ कुठे गेला, हे मुलं विचारणार. काय सांगशील?

मुक्ता : 'बिनआठाची संख्या' म्हणूनच प्रसिद्ध आहे ती. नऊनं गुणलं की सगळे एक, अठरानं गुणलं की सगळे दोन.

आत्या : पुन्हा नुसती गंमत. आठ कुठे गेला ते दहा एक सांगतील. आपल्या कागदावर दहावी ओळ घाल. उभ्या बेरजा आता एकापासून दहापर्यंत चढतात. उजवीकडून ९८७६५४३२१ नीट उतरलं. मग रकान्यात दहा : शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या रकान्यात नऊ होते, ते झाले दहा : पुन्हा शून्य, हातचा एक. पुढच्यात आठ होते, ते झाले नऊ. तिथे हातचा संपला आणि सात जसाच्या तसा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, एकोणीस अंकी, परार्धाच्याही पुढे. आठ हरवला नाही, हातच्यानं त्याचा नऊ केला. एक भागिले एक्याऐंशी करून बघ, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालत राहतं. तिथेही हाच प्रकार, कारण एक नवमांश म्हणजे दशांश चिन्हानंतर न संपणारे एक, आणि एक भागिले एक्याऐंशी म्हणजे त्याचा वर्ग.

मुक्ता : मग अंकांच्या बेरजेचंही उलगडतं! आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, हातचा नाही म्हणून ८१ एक जसेच्या तसे उरले. आणि संख्येला ८१ नं निःशेष भागही जातो, कारण १११११११११ ला नऊनं जातो. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद संख्या' म्हटलं. आता दहा एकांत १०० एक होते, पण उत्तराच्या अंकांची बेरीज येते…

आत्या : ८२. दोन हातचे आले. प्रत्येक हातचा दहा एक उचलतो आणि शेजारी एकच ठेवतो, म्हणजे बेरजेतले नऊ खातो. शंभरातून अठरा गेले. नऊनं भाग जाण्याची जी कसोटी पाचवी-सहावीच्या मुलांना नुसती पाठ करायला सांगतात, ती यावरच उभी आहे. हातचा कितीही वेळा येऊ दे, तो नऊच्याच पटीत खातो.

मुक्ता : बघ, चांगल्या जागी पोचलीस ना? आणि सुरुवात माझ्या आकड्यानं झाली.

आत्या : पोचले, पण आकडा जिथे मोडला तिथून पोचले. नऊ एकांपाशी थांबलं तर फक्त कौतुक होतं. दहाव्या एकाशी क्रम मोडतो, आणि कसा मोडतो ते बघितलं की तो मुळात होता कशामुळे ते कळतं. तुझ्या फलकावर मोडलेली संख्या नाही, फक्त देखणी आहे.

मुक्ता : आणि देखणी नसती तर मोडलेलीकडे कुणी वळलं असतं? तू वर्षानुवर्षं आधी नियम आणि मग उदाहरण असं शिकवलंस. माझ्या वर्गात निम्मी मुलं नियमापर्यंत जागीच नसतात.

आत्या : ते खरं आहे. माझ्याही वर्गात नसत. पण आता त्या संख्येचे मूळ अवयव पाड. आकडा कसाही लिहिलास तरी ते बदलत नाहीत.

मुक्ता : १११११११११ म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. म्हणून आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. ३३३६६७ वर मी अडले होते. दिसायला तर खेळण्यातली वाटते.

आत्या : ती खेळण्यातली नाही. एक भागिले ३३३६६७ कर. दशांश चिन्हानंतर ०००००२९९७ हे नऊ अंक येतात आणि तेच नऊ पुन्हा पुन्हा येत राहतात. बरोबर नऊ अंकांचं आवर्तन असणारी मूळ संख्या साऱ्या संख्यांत ही एकटीच. सिद्धता तुझ्या कागदावर आहे. अशा मूळ संख्येनं नऊ नवांच्या संख्येला भाग जायला हवा. त्या संख्येचे मूळ अवयव फक्त ३, ३७ आणि ३३३६६७. तीनचं आवर्तन एका अंकाचं, सदतीसचं तीन अंकांचं. उरली एक.

मुक्ता : हे दहाच्या पायाचंच झालं. 'लिखाणाचा गुण' म्हणून आता का नाही हिणवत?

आत्या : कारण यात पाया उघडपणे प्रश्नाचा भाग आहे. दहाच्या घातांना त्या मूळ संख्येनं भागल्यावर बाकी कधी एक उरते, असा तो प्रश्न आहे. असं म्हटलं की माझी तक्रार नाही. अंकांवर माझा राग नाही, अंकांवर थांबण्यावर आहे.

मुक्ता : मग मी फलकाच्या तळाशी दुसरी संख्या लावणार आहे, तिच्याबद्दल सांग. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नऊनंतर दहा लिहायचे आणि मग उतरायचं. वीस अंकी, आणि ही चक्क मूळ संख्या आहे.

आत्या : ती काढून टाक.

मुक्ता : का? खोटं आहे?

आत्या : अगदी खरं आहे, म्हणूनच धोक्याचं. दिसायला दोघी बहिणी. एक वर्ग आहे, दुसरी मूळ. वर्ग का आहे ते आपण दोघींनी कागदावर पाहिलं. दुसरी मूळ असण्याचा तिच्या चढ-उताराशी संबंध काय? मला तरी दिसत नाही. भाग देऊन बघितले, गेले नाहीत, एवढंच. मुलांना वाटेल दोन्ही एकाच जातीचे चमत्कार आहेत.

मुक्ता : म्हणूनच ती हवी. एक संख्या कारण असलेली, एक कारण न दिसलेली, शेजारी शेजारी. तूच म्हणतेस फरक कळायला हवा. वेगळ्या प्रकारची वस्तू समोर ठेवल्याशिवाय तो कळेल कसा?

आत्या : हं. पण मग खाली तसं लिही. 'चमत्कार' हा शब्द कुठेही नको.

मुक्ता : नको. आणि नुसत्या एकांच्या संख्या मूळ कधी असतात, तेही लिहू का?

आत्या : लिही, तो खरा प्रश्न आहे. दोन एकांची अकरा मूळ, मग एकदम एकोणीस एकांची, मग तेवीस, मग ३१७. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचं विल्यम्स आणि डब्नर यांनी १९८६ साली सिद्ध केलं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजवर कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. एक किती वेळा लिहिला तो आकडाच मूळ नसेल, तर एकांची ती संख्याही मूळ नसते, एवढं मात्र आठवीतली मुलंही दाखवू शकतील. नऊ एकांना तीन एकांनी भाग जातो, ते त्यांना करायला लाव.

मुक्ता : म्हणजे फलकावर वर नऊ एकांचा गुणाकार सगळ्या ओळींसकट. शेजारी दहा एकांचा, बेरजेची ओळ रिकामी. खाली वीस अंकी मूळ संख्या आणि तिच्याखाली तुझं वाक्य. शेवटी न सुटलेला प्रश्न.

आत्या : आणि वरच्या मोठ्या अक्षरांत काय? तीच चढती-उतरती संख्या?

मुक्ता : तीच. त्याशिवाय कुणी थांबणार नाही. तुझ्या बहुपदीसाठी तर नाहीच.

आत्या : ठेव. मला अजूनही ते पटत नाही, पण ठेव. रिकामी ओळ भरायला आलेल्या मुलांच्या हातात मात्र पेन्सिल दे. मोबाइल काढला की बाजूला करायला लाव. शून्यं भरून दिलेलं उत्तर मी तपासणार नाही.

मुक्ता : म्हणजे तू येणार आहेस?

आत्या : हातचा विसरणाऱ्यांचे कागद कुणीतरी बघायला हवेत ना!